पेशंटची क्वालिटी ऑफ लाइफ मोबाइलवर मोजायचीय? मग ॲप सगळ्यात शेवटी निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही रेडिएशन ऑन्कॉलॉजीत एमडी करताय, थिसिस तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या क्वालिटी ऑफ लाइफवर आहे, आणि गाइड म्हणतायत कागद कशाला, गूगल फॉर्म बनव आणि व्हॉट्सॲपवर लिंक पाठव. म्हणून तुम्हाला कुठलं ॲप चांगलं, फुकट मिळेल का, पावलं मोजणारी घड्याळं-बँड वापरावेत का, आणि हा डेटा उद्या पेपर लिहायला चालेल का हे विचारायचंय. मी बरीच वर्षं ऑन्कॉलॉजीच्या ट्रायल्समध्ये हेच काम करतेय, आधी कोऑर्डिनेटर होते, आता प्रश्नावल्या आणि डेटाची बाजू बघते. सरळ सांगू का, ॲप हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि तुम्ही नेमकी तिथूनच सुरुवात करताय. कुठला आकडा हवाय, तो कुठल्या आठवड्यात हवाय, फोन कुणाच्या हातात असणारे आणि पेशंटने "खूप दुखतंय" दाबलं तर ते कोण बघणारे, ही चार उत्तरं हातात असली की ॲप दोन दिवसांत ठरतं.

पहिलं म्हणजे क्वालिटी ऑफ लाइफ असा एकच आकडा नसतो. तुमच्या पेशंटसाठी सरळ सरळ ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेची क्यूएलक्यू-सी३० घ्या आणि जोडीला हेड अँड नेकचं मॉड्यूल, म्हणजे त्या कॅन्सरसाठीची जास्तीची प्रश्नावली, जुनं एचएन-३५ किंवा त्यानंतर आलेलं एचएन-४३. सी३० ही १९९३ ला प्रसिद्ध झालेली, ३० प्रश्नांची, सगळ्या कॅन्सरना चालणारी प्रश्नावली. त्यातल्या २८ प्रश्नांना १ ते ४ असं उत्तर असतं, अजिबात नाही पासून खूप जास्त पर्यंत, आणि शेवटच्या दोन प्रश्नांना १ ते ७. या दोघांत पेशंटने आपली एकूण तब्येत आणि एकूण आयुष्य कसं चाललंय ते सांगायचं. पहिले पाच प्रश्न सोडले तर बाकी सगळं "गेल्या आठवड्यात" असं विचारलेलं आहे, हे नीट लक्षात ठेवा कारण पुढे सगळं गाडं याच्यावर अडतं. मराठी भाषांतर स्वतः करायच्या भानगडीत पडू नका, ते ईओआरटीसीकडे तयार आहे, आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी सी३० आणि एचएन-३५ हिंदी-मराठीत आपल्याच पेशंटवर तपासून २००५ मध्ये इंडियन जर्नल ऑफ कॅन्सरला छापलेलंही आहे. तुमच्या थिसिसच्या रिव्ह्यूमध्ये ते यायलाच हवं.

खर्चाचा हिशोब करायचा असेल, म्हणजे अमुक टेक्निकला जास्त पैसे घालणं परवडतं का वगैरे, तर ईक्यू-५डी-५एल लागेल. पाच प्रश्न, प्रत्येकाला पाच पायऱ्या, आणि "आज तब्येत कशी आहे" याची ० ते १०० ची पट्टी. भारतीय लोकांच्या पसंतीवर आधारलेला व्हॅल्यू सेट, म्हणजे या उत्तरांचा एक आकडा काढायचं कोष्टक, चंदीगडच्या पीजीआयच्या टीमने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलाय, त्यामुळे इंग्लंड-थायलंडचे आकडे उसने आणायची गरज आता उरलेली नाही. पण तुमच्या थिसिसमध्ये खर्चाचा भाग नसेल तर हे घालू नका. तोंड सोललेल्या पेशंटपुढे तुम्ही आधीच ३० अधिक ३५ म्हणजे ६५ प्रश्न ठेवताय, त्यात "असू दे, पुढे उपयोगी पडेल" म्हणून काही वाढवायचं नाही. माझं मत विचाराल तर या सवयीमुळे जितका डेटा खराब होतो तितका खराब ॲपमुळे होत नाही.

आणि या ६५ प्रश्नांतून, एकेकट्या प्रश्नांची धरून, ३३ स्केल म्हणजे वेगवेगळे स्कोअर निघतात. सगळ्यांवर टेस्ट लावली तर खरा फरक नसतानाही एखादा पी-व्हॅल्यू केवळ योगायोगाने ०.०५ च्या खाली जाणारच, आणि फरक आहे असं वाटणार. म्हणून आत्ताच, सिनॉप्सिस म्हणजे थिसिसचा आराखडा लिहितानाच, एक स्केल मुख्य म्हणून ठरवा. तुमच्यासाठी मी एचएन-३५ मधलं गिळण्याचं स्केल घेईन, पातळ, मऊ, घट्ट पदार्थ गिळताना त्रास आणि गिळताना ठसका लागणं असे चार प्रश्न. बाकीचं सगळं दुय्यम म्हणून लिहा, टेबलात द्या, पण निष्कर्ष त्यावर उभा करू नका.

आता वेळापत्रक, कारण डिजिटलचा खरा उपयोग इथे आहे. तुमचे पेशंट ६६ ते ७० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) घेतात, आठवड्याला पाच दिवस, साधारण साडेसहा-सात आठवडे. या काळात ते रोज तुमच्या डोळ्यांसमोर असतात, मशीनबाहेर बाकावर बसलेले असतात, तेव्हा तुम्हाला खरंतर ॲप नको, एक टॅब्लेट आणि एक शांत कोपरा पुरतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात म्युकोसायटिस, म्हणजे तोंड-घसा आतून सोलवटणं, सुरू होतो, शेवटाकडे वाढत जातो, आणि बऱ्याच जणांना ट्रीटमेंट संपल्यानंतरचे दोन-तीन आठवडे सगळ्यात वाईट जातात, आणि नेमका तेव्हा तो माणूस जळगावला नाहीतर सिंधुदुर्गात घरी गेलेला असतो. कागदाच्या अभ्यासात हा तुकडा सरळ गायब होतो, थेट सहा आठवड्यांच्या नाहीतर तीन महिन्यांच्या फॉलोअपचा आकडा मिळतो आणि ग्राफ कसा छान सरळ रेषेत सुधारताना दिसतो. घरी बसलेल्या पेशंटकडून तो आठवडा मिळवणं हे फोनमुळे शक्य झालंय, आणि तुमच्या थिसिसमध्ये नवीन काही असेल तर ते हेच असेल. त्यामुळे बेसलाइन (ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी), तिसरा-चौथा आठवडा, शेवटचा आठवडा, संपल्यावर दोन आणि चार आठवड्यांनी, मग तीन आणि सहा महिने, एवढं बास. बेसलाइन घ्यायची सोपी वेळ म्हणजे रेडिएशनच्या वेळी डोकं स्थिर ठेवणारा मास्क बनवायचा दिवस, पेशंट तसाही दोन-तीन तास तिथेच असतो. आणि दरवेळी डॉक्टर भेटायच्या आधी भरून घ्या, "स्कॅन चांगला आला" हे ऐकल्यावर भरलेला फॉर्म आणि ऐकायच्या आधी भरलेला फॉर्म सारखे नसतात.

प्रत्येक फॉर्मला खिडकी ठेवा, म्हणजे ठरलेल्या दिवसाच्या आधी-नंतर तीन दिवस, आणि त्यानंतर लिंक बंद झाली पाहिजे. "गेल्या आठवड्यात" वाला फॉर्म बारा दिवस उशिरा भरला तर ती वेगळ्याच आठवड्याची गोष्ट आहे. लोक म्हणतात उशिरा का होईना डेटा मिळतोय की, तो मिळू नये असं माझं म्हणणं आहे.

कागद इतका वाईट आहे का, तर याचं उत्तर एका जुन्या अभ्यासात फार मजेशीर आहे. २००२ मध्ये बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांनी जुनाट दुखणं असलेले ८० पेशंट घेतले, काहींना कागदाची डायरी दिली आणि काहींना इलेक्ट्रॉनिक. कागदाच्या डायरीच्या फाइलमध्ये गुपचूप लाइट सेन्सर बसवला होता, फाइल कधी उघडली ते नोंदवणारा. पेशंटने लिहिलेल्या तारखा-वेळांप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या, सेन्सरप्रमाणे ११ टक्के. एक तृतीयांशाच्या आसपास दिवस तर फाइल उघडलीच नव्हती, तरी त्या दिवसांच्या नोंदी व्यवस्थित भरलेल्या. इलेक्ट्रॉनिक डायरीत खऱ्या वेळेवरच्या नोंदी ९४ टक्के. आपल्या ओपीडीत हे रोज दिसतं, नंबर यायच्या आधी बाकावर बसून मागच्या पंधरा दिवसांची डायरी एकाच पेनाने एकाच अक्षरात भरली जाते. तर डिजिटलने सोडवलेला मोठा प्रश्न हा आहे, केव्हा भरलं ते नक्की कळतं. प्रश्न तेच आणि क्रम तोच ठेवला तर कागदावरची आणि स्क्रीनवरची उत्तरं एकमेकांशी चांगली जुळतात हेही बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय, त्यामुळे परीक्षकाने "पण ही प्रश्नावली कागदावर व्हॅलिडेट झालेली आहे ना" असं विचारलं तर घाबरायचं नाही.

पण कोणी भरलं हे डिजिटलने आपोआप सुटत नाही, उलट आपल्याकडे ते बिघडतं. घरात स्मार्टफोन एक किंवा दोन, त्यातला चांगला मुलाकडे. आमच्याकडे एका अभ्यासात बीडकडच्या एक आजी होत्या, नंबर मुलाचा दिलेला, फॉर्म एकदम टकाटक, एकही प्रश्न सुटलेला नाही, एकही वेळ चुकलेली नाही. मी सहज वेळा बघत होते तर आजींचे सगळे फॉर्म दुपारी एक ते दीडच्या मध्ये आलेले, आणि मुलगा होता चाकणच्या कंपनीत. जेवणाच्या सुट्टीत तो बिचारा आईचा फॉर्म प्रामाणिकपणे भरायचा, संध्याकाळच्या फोनवर तिने सांगितलेलं आठवून. त्यात आजारपणामुळे पैशाची अडचण झाली का या प्रश्नाला दरवेळी "अजिबात नाही". आजी फॉलोअपला आल्या तेव्हा चहा पिताना स्वतःहून सांगत होत्या की दोन पाटल्या गेल्या. मुलगा खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही, पण तो अठ्ठाविसावा प्रश्न त्याने त्याच्या बाजूने सोडवला होता. चालणं, जेवणं, कपडे घालणं अशा डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टींत नातेवाईकांची उत्तरं पेशंटशी बऱ्यापैकी जुळतात, दुखणं, उदासपणा, काळजी यात जुळत नाहीत. एचएन-३५ मध्ये लैंगिक इच्छेचे पण प्रश्न आहेत, ते मुलगा आईसाठी कसे भरणार ते तुम्हीच बघा.

म्हणून बेसलाइनला पाच प्रश्न वेगळे घ्या, ते कुठल्याच प्रश्नावलीत नाहीत: फोन कुणाचा, दिवसभर कुणाकडे असतो, पेशंटला मराठी वाचता येतं का, डोळ्याला चष्मा लागतो का आणि आत्ता तो सोबत आहे का, आणि घरून फॉर्म कोण भरेल. यावरून तिथल्या तिथे ठरवा की हा पेशंट स्वतःच्या फोनवर भरणार, की आपण फोन करून प्रश्न वाचून दाखवणार. वाचून दाखवायला चालतं, फक्त जसं लिहिलंय तसंच वाचायचं, "म्हणजे काकू असं विचारतायत की..." हे सुरू केलं की संपलं. आणि प्रत्येक फॉर्मच्या शेवटी एक ओळ ठेवा, हे कोणी भरलं: स्वतः, कुणीतरी वाचून दाखवलं आणि मी सांगितलं, की नातेवाईकाने स्वतःच्या अंदाजाने. लोक याचं उत्तर खरं देतात, विचारलं तर. माणसासमोर पेशंट आहे त्यापेक्षा थोडं बरं असल्याचं सांगतो, डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून, हे जगभर दिसलेलं आहे, त्यामुळे फोनवर घेतलेलं आणि स्क्रीनवर घेतलेलं हे डेटात वेगळं ओळखता आलं पाहिजे. रिमाइंडर रात्री आठच्या सुमाराला लावा, फोन तेव्हा घरी असतो.

आता साधन. गूगल फॉर्मला माझी हरकत दोन कारणांनी. एक, या प्रश्नावल्यांवर कॉपीराइट आहे, ईओआरटीसीची परवानगी विद्यार्थ्यांच्या आणि अकॅडमिक कामाला फुकट मिळते पण मागावी लागते, आणि इलेक्ट्रॉनिक वापरणार असाल तर तसं सांगून मागावी लागते, उघड्या लिंकवर टाकायची ती गोष्ट नाही. ईक्यू-५डीलाही ती बनवणाऱ्या युरोक्वॉलकडे नोंदणी लागते. दुसरं, कोणी कधी काय बदललं याचा माग त्यात नीट राहत नाही, शीट ज्याच्याकडे आहे असा कुणीही आकडा खोडू शकतो आणि ते तुमच्या सहज लक्षात येणार नाही. अमेरिकेच्या एफडीएचा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डचा नियम १९९७ पासून आहे आणि पेशंटने स्वतः सांगितलेल्या माहितीवरचं त्यांचं मार्गदर्शन डिसेंबर २००९ चं, तुमच्या थिसिसला ते लागू नाहीत, पण हाताला सवय तीच लावून घ्या.

तुमच्या इन्स्टिट्यूटकडे रेडकॅप, म्हणजे संशोधनाचा डेटा गोळा करायचं सॉफ्टवेअर, आहे का ते आधी विचारा. व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीने २००४ मध्ये सुरू केलेलं, ना-नफा संस्थांना फुकट मिळतं, पण करार संस्थेने करायचा असतो, तुम्हाला एकट्याला मिळणार नाही. बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत ते आहे आणि रेसिडेंटना माहीतच नसतं, कम्युनिटी मेडिसिन नाहीतर रिसर्च सेलमध्ये चौकशी करा. नसेल तर ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स, साध्या अँड्रॉइडवर नेट नसताना पण चालतात, वॉर्डातल्या टॅब्लेटसाठी उत्तम. व्हॉट्सॲप फक्त "फॉर्म भरायचाय" हे आठवण करून द्यायला वापरा, उत्तरं त्यावर घेऊ नका, आणि मेसेजमध्ये कॅन्सर हा शब्द टाकू नका. तो फोन शेजारणीच्या हातात पण असतो.

स्क्रीनचं एक सांगते, हे कुणी सांगत नाही. फॉर्म बनवताना तो तुमच्या लॅपटॉपवर झकास दिसतो. मग पेशंटच्या पाच-सहा हजारांच्या फोनवर, ज्यात त्याने अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली असतात, प्रश्न चार ओळींचा होतो, तीन पर्याय दिसतात आणि चौथा, म्हणजे "खूप जास्त", स्क्रीनच्या खाली जातो. वर सरकवायचं असतं हे सगळ्यांच्या लक्षात येत नाही, आणि तुमच्या अख्ख्या अभ्यासात कुणालाच खूप जास्त त्रास नाही असं निघतं! एका स्क्रीनवर एकच प्रश्न ठेवा, पर्याय एकाखाली एक, आणि मिळेल त्या सगळ्यात स्वस्त फोनवर, मोठ्या अक्षरांत, उन्हात बाहेर जाऊन बघा. सरकवायची पट्टी असेल तर तिचा ठिपका आधीपासून मधोमध ठेवू नका, लोक तो तसाच सोडून पुढे जातात. प्रश्नांचा क्रम आणि शब्द मात्र जसेच्या तसे.

सगळे प्रश्न कंपल्सरी करायचा मोह होतो, रिकामी जागा राहत नाही म्हणून. त्याऐवजी "याचं उत्तर द्यायचं नाही" असा पर्याय ठेवा. सी३० च्या स्कोअरिंगमध्ये एखाद्या स्केलचे निदान निम्मे प्रश्न भरलेले असतील तर स्कोअर काढता येतो. जबरदस्तीने घेतलेलं उत्तर कुठलं ते मात्र नंतर ओळखू येत नाही.

आणि तुमच्याच पेशंटमध्ये एक खास गंमत बघायला मिळेल. नाकातून नळी टाकलेला पेशंट, दहा दिवस तोंडाने काही घेतलेलं नाही, त्याला प्रश्न येतो की घट्ट पदार्थ गिळताना त्रास झाला का. तो विचार करतो, मी घट्ट खाल्लंच नाही, मग त्रास कसला, आणि "अजिबात नाही" दाबतो. सगळ्यात आजारी पेशंट तुमच्या मुख्य स्केलवर सगळ्यात ठणठणीत! सुदैवाने एचएन-३५ च्या शेवटी नळी आहे का असा हो-नाही प्रश्न आहे, त्याच्याशी ताडून असे फॉर्म वेगळे काढता येतात. पण पेशंटला फोन करून "अहो असं कसं, बदला" म्हणायचं नाही, त्याचं उत्तर ते त्याचं उत्तर. अशा फॉर्मचं ॲनालिसिसमध्ये काय करणार ते डेटा बघायच्या आधी प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर नंतर तुम्हाला सोयीचं तेच कराल. सी३० मधली दुसरी ताडायची जागा म्हणजे शेवटचे दोन प्रश्न, आधीच्या सगळ्यांत मोठा आकडा म्हणजे जास्त त्रास आणि या दोघांत मोठा आकडा म्हणजे चांगलं, त्यामुळे जो वाचल्याशिवाय सरळ १-१-१-१ करत जातो तो इथे पकडला जातो. सगळा फॉर्म चाळीस सेकंदात भरलेला असेल तर तेही बघा. रेडकॅपमध्ये सुरू-संपल्याच्या वेळा ठेवता येतात, त्या ठेवाच.

आता या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, आणि तुमच्या प्रश्नात ज्याचा उल्लेखच नाही. रात्री दोन वाजता पेशंटने दुखण्याला ४ दाबलं, उदासपणाला ४ दाबलं. त्याला काय वाटतं? त्याला वाटतं डॉक्टरांना कळलं. आणि तुम्ही तो डेटा थिसिस सबमिट करायच्या आधी महिनाभर उघडणार. कागदाच्या काळात हा गैरसमज होत नव्हता, फोनमुळे होतो, कारण फोनवर पाठवलेलं समोरच्याने बघितलेलं असतं अशी सगळ्यांची सवय आहे. एथिक्स कमिटीने हे विचारलं नाही तरी तुम्ही लिहा. एकतर रोज कुणीतरी बघेल आणि अमुक उत्तराला चोवीस तासांत फोन करेल असं ठरवा आणि त्या माणसाचं नाव प्रोटोकॉलमध्ये घाला, किंवा पहिल्याच स्क्रीनवर ठळक लिहा की ही उत्तरं डॉक्टर लगेच बघत नाहीत, त्रास असेल तर या नंबरवर फोन करा, आणि तो नंबर उचलला जाईल असा असू द्या. मधलं काही चालत नाही.

बघणारं माणूस असलं तर काय होतं त्याचं प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधलं. ईथन बॅश आणि टीमने केमो घेणाऱ्या ७६६ पेशंटमध्ये तुलना केली, एका गटाने घरून वेबवर १२ लक्षणं कळवायची आणि त्रास वाढला की नर्सला आपोआप ईमेल जायचा, दुसऱ्या गटात नेहमीसारखी काळजी. २०१७ मध्ये जामा या जर्नलमध्ये आलं की पहिल्या गटाचं मीडियन आयुष्य (निम्मे पेशंट ज्याच्या पुढे जगले तो काळ) ३१.२ महिने आणि दुसऱ्याचं २६.०. यावरून ॲप विकणाऱ्यांनी फार गाजावाजा केला, पण तिथे काम ॲपने केलं नाही, ईमेल वाचून फोन उचलणाऱ्या नर्सनी केलं. नंतर त्याच मंडळींनी अमेरिकेतल्या ५२ ठिकाणी ११९१ पेशंटवर मोठी ट्रायल केली, त्यात वेब नको असेल तर फोनवर यंत्राला उत्तरं द्यायचीही सोय होती. २०२२ च्या निकालात हालचाल, लक्षणं, क्वालिटी ऑफ लाइफ हे सुधारलेलं दिसलं, आयुष्य वाढल्याचं मात्र पुढच्या विश्लेषणात दिसलं नाही. दोन्ही वाचा, आणि थिसिसच्या चर्चेत दोन्ही लिहा, बहुतेक जण पहिलीच लिहितात.

घड्याळं-बँड वगैरे तुम्ही विचारलंय. पावलं मोजणं वाईट नाही, पण पावलं म्हणजे क्वालिटी ऑफ लाइफ नाही, ती वेगळी गोष्ट वेगळ्या नावाने मोजा. याचं गंभीर उदाहरण बघायचं तर ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू कमजोर होत जाणाऱ्या आजारात पायाला लावलेल्या सेन्सरवरून मोजलेला चालण्याचा सगळ्यात जोराचा वेग युरोपच्या औषध नियामक ईएमएने २०१९ मध्ये दुय्यम एंडपॉइंट (ट्रायलचा निकाल ज्यावरून बघतात ते मोजमाप) म्हणून आणि २०२३ मध्ये मुख्य एंडपॉइंट म्हणून मान्य केला, आणि एका मोजमापाला तिथवर पोचायला किती वर्षांचं काम लागलं ते वाचा म्हणजे थिसिसमध्ये ते का नको ते कळेल.

स्कोअरिंग हाताने एकदा तरी करा. थकव्याचे तीन प्रश्न असतात, समजा उत्तरं ३, ३, २ आली. सरासरी २.६७, त्यातून १ वजा, भागिले ३, गुणिले १००, म्हणजे ५५.६. लक्षणांच्या स्केलमध्ये जास्त म्हणजे वाईट, कामकाजाच्या स्केलमध्ये तोच हिशोब १ मधून वजा होतो म्हणून जास्त म्हणजे चांगलं. शेवटच्या दोन प्रश्नांत ४ आणि ५ आले तर सरासरी ४.५, वजा १, भागिले ६, गुणिले १००, म्हणजे ५८.३. इथे उलटापालट झालेले थिसिस मी बघितलेत, गिळण्याचा स्कोअर वाढला म्हणून "लक्षणीय सुधारणा" असं लिहिलेलं. ढोबळ मानाने १० गुणांचा फरक पेशंटला जाणवतो असं धरतात, १९९८ च्या ओसोबा यांच्या कामापासून, ५ ते १० थोडा, १० ते २० मध्यम, २० च्या वर मोठा. हा नियम सगळ्या स्केलना सारखा लागू नाही, पण सॅम्पल साइझला चालतो. एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) २५ धरला, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडायची शक्यता), तर दोन गटांची तुलना करायला प्रत्येकी ९८ च्या आसपास पेशंट लागतील. त्याच पेशंटचं आधी-नंतर बघायचं असेल आणि दोन मोजमापांचं कोरिलेशन ०.५ असेल तर पन्नासेकात भागतं. एमडीच्या वेळात दुसरं जमेल, पहिलं जमणार नाही. वर गळतीसाठी निदान चौथाई जास्त धरा.

गळतीबद्दल एवढंच, की फॉर्म न आलेला पेशंट बहुतेक वेळा बरा नसतो. म्हणून फॉर्म चुकला की दुसऱ्या दिवशी फोन, आणि कारण लिहायचं: तब्येत फार बिघडली, फोन रिचार्ज नाही, कंटाळा आला, गेले. या कारणांशिवाय तुमचं मिक्स्ड मॉडेल (पुन्हा पुन्हा घेतलेल्या मोजमापांचं ॲनालिसिस) कितीही चांगलं असलं तरी परीक्षकाला उत्तर देता येणार नाही. यासाठी एक माणूस लागतो, आठवड्याला काही तास. गाइडना सांगा की ॲपचे पैसे वाचतायत ते इंटर्नला नाहीतर कोऑर्डिनेटरला द्या.

संमतीपत्रात फोनचा वेगळा परिच्छेद ठेवा: नंबर कुणाचा, डेटा कुठल्या सर्व्हरवर, रिमाइंडर किती येणार, बंद करायचे असतील तर कसे. डेटा प्रोटेक्शनचा २०२३ चा कायदा आल्यापासून एथिक्स कमिट्या हे विचारतायत, आणि फोन नातेवाईकाचा असेल तर त्यालाही विचारा, नंबर त्याचा आहे. नंबर आणि उत्तरं वेगवेगळ्या फाइलमध्ये.

पेपरला चालेल का, तर वरचं केलंत तर नक्की चालेल. लिहिताना कन्सॉर्ट-प्रो ही २०१३ ची यादी समोर ठेवा, ती रँडमाइज्ड ट्रायलसाठी आहे पण काय काय सांगायला हवं ते तुम्हालाही कळेल, आणि प्रोटोकॉलसाठी २०१८ ची स्पिरिट-प्रो. ईओआरटीसीला परवानगीची रिक्वेस्ट मात्र आजच टाका, सिनॉप्सिस एथिक्सला जायच्या आधी ते पत्र हातात हवं, आणि त्यात सी३० बरोबर मॉड्यूलचं नाव, मराठी, हिंदी आणि "इलेक्ट्रॉनिक" हे सगळं लिहायला विसरू नका. तुमच्याकडे गुजराती किंवा कन्नड वाचणारे पेशंट येत असतील तर ते पण आत्ताच मागा.